कलावंतांचा कौल आणि कौलाचा हिशेब

कृष्णा आणि वारणा ह्या दोन नद्यांच्या मधल्या सुपीक पट्ट्यात वसलेल्या आष्ट्यासारख्या गावी, जेथे उसाच्या वजनात आणि हळदीच्या दरात चार पैशांची तफावत पडली तरी माणसे कागद मागून घेतात, तेथे गणेशोत्सवातील देखाव्यांना, भजनी मंडळांना, शाळा-महाविद्यालयांतील एकांकिकांना आणि रांगोळ्यांना मिळणाऱ्या गुणांचा हिशेब मात्र कोणी कोणाला विचारीत नाही. निकाल व्यासपीठावरून वाचला जातो, टाळ्या पडतात, उत्तेजनार्थ बक्षिसे वाटली जातात, आणि जो हरला त्याची तक्रार मांडवाबाहेर महिनाभर चालू राहून, कोणत्याही दप्तरी दाखल न होता, विरून जाते. ह्या तक्रारींतील पुष्कळशा निव्वळ पराभवाच्या वेदनेतून उद्भवलेल्या असतात हे मला मान्य आहे. परंतु सर्वच तशा नसतात, आणि ज्या तशा नसतात त्यांचा विचार करण्याची काही रीत आपण बसविलेली नाही, ही गोष्ट मला गंभीर वाटते. कारण गावातील सोळा वर्षांच्या मुलाला न्याय आणि अन्याय यांचा पहिला जाहीर अनुभव बहुधा कोर्टकचेरीत येत नसून अशाच एखाद्या स्पर्धेच्या निकालात येत असतो.

कलाकृतीचे मोल कोणी ठरवावे ह्या प्रश्नाला पूर्वापार तीन उत्तरे दिली गेली आहेत. जाणत्या त्रयस्थाने, हे पहिले. जमलेल्या प्रेक्षकांनी, हे दुसरे. आणि त्याच कलेत आयुष्य घालविलेल्या समव्यवसायी मंडळींनी, हे तिसरे. त्रयस्थ जाणता मिळणे दुर्मिळ, कारण जाणतेपण त्या कलेत वावरल्यावाचून येत नाही आणि वावरले म्हणजे त्रयस्थपण उरत नाही. प्रेक्षकांचा कौल घ्यावा, तर ज्या मंडळाचे नातेगोते मोठे त्याचे पारडे जड होते. म्हणून फिरून फिरून आपण तिसऱ्या उत्तराशी येतो. ज्याने स्वतः सूर लावला आहे त्यालाच दुसऱ्याचा सूर कोठे ढळला ते नेमके कळते. मात्र त्याच माणसाला दुसऱ्याचा सूर चांगला लागलेला सोसतोच असे नाही. ह्या दोन सत्यांची सांगड कशी घालावी, एवढाच खरे पाहता ह्या सगळ्या विषयाचा गाभा आहे. दक्षिण महाराष्ट्रात तर तो अधिकच निकडीचा, कारण येथे वर्तुळ लहान आहे: ह्या वर्षी ज्याची एकांकिका स्पर्धेत उतरली तोच पुढच्या वर्षी शेजारच्या तालुक्यात परीक्षक म्हणून बसतो, आणि ज्यांना तो तेथे गुण देतो त्यांच्यापैकी एखादा तिसऱ्या ठिकाणी त्याच्या शिष्यांना गुण देणार असतो. उघड लाचलुचपत येथे क्वचितच असेल. परंतु परस्परांना न दुखविण्याचा एक अलिखित करार ह्या व्यवहारात आपोआप शिरतो, आणि तो लाचेपेक्षा अधिक टिकाऊ असतो.

समव्यवसायींच्या निवाड्याचा आपल्याकडील जुना आणि अस्सल अनुभव कलगी-तुऱ्याचा आहे. शक्तीला श्रेष्ठ मानणारा कलगीचा पक्ष आणि शिवाला श्रेष्ठ मानणारा तुऱ्याचा पक्ष समोरासमोर उभे राहत; एका बाजूने डफाच्या ठेक्यावर कूट घालावे आणि दुसऱ्या बाजूने त्याच छंदात, त्याच रात्री, जमल्या लोकांदेखत त्याचा उलगडा करावा, असा शिरस्ता होता. येथे परीक्षक म्हणजे खुद्द प्रतिस्पर्धीच. त्याच्याइतका मर्मज्ञ दुसरा कोणी नाही आणि त्याच्याइतका पक्षपातीही कोणी नाही. तरीही ही रीत पिढ्यान् पिढ्या चालली, ती अशासाठी की निवाड्याचे कारण झाकलेले नसे. कूट सुटले किंवा सुटले नाही, हे बैठकीतील शेवटच्या रांगेलाही दिसत होते. ज्या वाळवे तालुक्यात आष्टा आहे त्याच तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे १८६६ साली जन्मलेल्या श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी ह्या ब्राह्मण मुलाने पुढे पठ्ठे बापूराव म्हणून तमाशाच्या फडात नाव कमावले. आणि जवळच्या कवलापूरच्या काळू-बाळूंनी तीच फडाची परंपरा आपल्या डोळ्यांदेखतच्या काळापर्यंत आणली. ह्या कलावंतांना गुणपत्रक ठाऊक नव्हते. ठाऊक होता तो समोरचा जबाब. अर्थात ह्या रीतीचे दोषही लपविण्यासारखे नाहीत. ज्याचा जबाब कोणाच्याच बाडात नाही असे गूढ कूट रचण्याकडे शाहिरांचा कल वाढत गेला आणि काव्याची परीक्षा स्मरणाची परीक्षा होऊन बसली. शिवाय वाद हातघाईवर आला म्हणजे शिव आणि शक्ती बाजूला राहून प्रतिपक्षाच्या कुळाचा उद्धार होऊ लागे. परंतु निवाड्याची उघड रीत हा जो त्यातील लाखमोलाचा अंश होता, तोच नेमका आपण स्पर्धा आधुनिक करताना गमावला.

कलेच्या प्रांतातून थोडे बाहेर येऊन मराठेशाहीतील वतनाच्या तंट्यांकडे पाहिले तर हाच विचार अधिक पक्क्या स्वरूपात भेटतो. विठ्ठल त्रिंबक गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवर जो ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध केला, त्यात आणि छापून निघालेल्या असंख्य महजरांत, म्हणजे निवाडापत्रांत, ही रीत तपशीलवार आढळते. तंटा पाटीलकीचा असो की कुलकर्णाचा, त्याचा निवाडा गोतसभा करी, म्हणजे त्याच दर्जाचे, त्याच परगण्यातील, वादी-प्रतिवादींना ओळखणारे लोक करीत. आणि अशा लोकांचे हितसंबंध गुंतलेले असणार हे त्या काळच्या माणसांना पुरते ठाऊक असल्यामुळे त्यांनी त्यावर इलाज योजिले होते. दोन्ही पक्षांनी आपापली कैफियत लेखी द्यावयाची. ह्या सभेचा निवाडा आम्हांस मान्य राहील असा राजीनामा तंट्याच्या आरंभीच लिहून द्यावयाचा. त्यासाठी जामीन द्यावयाचा. आणि एखाद्या पक्षाने येथील गोत माझ्या विरोधकाच्या मुलाहिज्यातले आहे अशी हरकत घेतली, तर मनसुबी (तंट्याची चौकशी) परस्थळी, म्हणजे दुसऱ्या गावच्या सभेपुढे, न्यावयाची. निवाडा झाल्यावर त्याची कारणे, साक्षी आणि हजर असलेल्यांची नावे महजरात नमूद होत, आणि ज्याला अक्षर येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी करी, जसा कुणबी नांगर काढी. हरलेल्याकडून यजितखत, म्हणजे हार मान्य असल्याचा लेख, घेतले जाई. त्या व्यवस्थेत जातीची उतरंड होती, दिव्य करावयास लावण्यासारखे प्रकार होते, आणि तिचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. माझा मुद्दा एवढाच की समान दर्जाच्या लोकांनी न्याय द्यावा आणि तो विश्वासार्हही असावा, ह्यासाठी ज्या तीन तरतुदी लागतात, म्हणजे परीक्षकांना आगाऊ आणि उघड संमती, हितसंबंधाची हरकत घेण्याचा हक्क, आणि नावानिशी लिहिलेली कारणे, त्या तिन्ही ह्याच मुलखात अडीच-तीनशे वर्षांपूर्वी रूढ होत्या. आजच्या आपल्या बहुतेक साहित्य-नाट्य स्पर्धांत ह्या तिहींपैकी एकीचाही मागमूस नसतो.

मराठीतील समव्यवसायींच्या मतदानाचे सर्वांत मोठे आणि सर्वांत वादग्रस्त उदाहरण म्हणजे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाची निवडणूक. ती रूढ अर्थाने स्पर्धा नव्हे. परंतु साहित्यिकांनी आपल्यातल्या एकाच्या माथ्यावर मान ठेवावा, आणि तो मतांच्या मोजणीने ठेवावा, ही कल्पना स्पर्धेचीच आहे. १८७८ साली पुण्यास न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथकारांची पहिली सभा भरली; तेच पहिले संमेलन मानले जाते. १९६१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले आणि पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद, मुंबई मराठी साहित्य संघ, विदर्भ साहित्य संघ व मराठवाडा साहित्य परिषद ह्या घटकसंस्थांच्या द्वारा हा कारभार पुढे चालला. मतदार सुमारे हजार. घटकसंस्थांनी ठरविलेले, त्यांत निमंत्रक गावच्या स्वागत समितीचेही. मतपत्रिका पोस्टाने जावयाच्या आणि भरून परत यावयाच्या. एवढे सांगितले तरी दोष कोठे शिरणार ते जाणत्यास कळून येईल. मतदार कोण हे ज्याच्या हाती, त्याच्या हाती अर्धी निवडणूक. आणि घरी बसून भरावयाची मतपत्रिका गुप्त राहीलच याचा भरवसा कोणी द्यावा? गठ्ठामतांचे आरोप वर्षानुवर्षे होत राहिले.

१९९२ साली कोल्हापूरच्या संमेलनासाठी झालेल्या निवडणुकीत रमेश मंत्री निवडून आले आणि इंदिरा संत पराभूत झाल्या. मंत्री हे वाचकप्रिय विनोदी लेखक होते आणि त्यांच्या विजयात नियमभंग झाला असे मी म्हणत नाही. परंतु ज्या कवयित्रीने मराठी भावकवितेला तिचा एक अपूर्व स्वर दिला, तिने मतांसाठी उभे राहावे आणि हरावे, ह्या घटनेने अनेक वाचकांच्या मनाला जी टोचणी लागली ती आज तीन दशके उलटली तरी शमलेली नाही. जी. ए. कुलकर्णी आणि विजय तेंडुलकर ह्यांच्या नावापुढे तर हे अध्यक्षपद कधी लागलेच नाही. ज्या पद्धतीत उमेदवाराला स्वतः उभे राहून पत्रे पाठवावी लागतात, भेटीगाठी घ्याव्या लागतात, त्या पद्धतीत संकोची माणूस मतमोजणीच्या पुष्कळ आधीच बाद झालेला असतो. आणि हा तोटा मोजणीच्या कोणत्याही आकड्यात दिसत नाही, म्हणून तो सर्वांत मोठा.

तरीही ह्या निवडणुकीने केवळ अन्यायच केला असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही, आणि सांगली जिल्ह्यातील वाचकाने तर ते मुळीच म्हणू नये. माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर १९८३ साली अंबाजोगाईस, आटपाडीचे शंकरराव खरात १९८४ साली जळगावास, आणि सांगलीचे म. द. हातकणंगलेकर २००८ साली खुद्द सांगलीस अध्यक्ष झाले. ही तिन्ही नावे कोणत्याही निकषावर उणी ठरणारी नाहीत. पुढे २०१८ साली महामंडळाने घटना दुरुस्त करून निवडणूक बंद केली, आणि घटकसंस्थांनी सुचविलेल्या नावांतून महामंडळाने एकास सन्मानाने बोलवावे अशी रीत आणली. यवतमाळच्या ९२व्या संमेलनासाठी अरुणा ढेरे यांची निवड ह्या रीतीने झाली. येथे एक हिशेब नोंदवण्यासारखा आहे. १८७८ पासून त्या दुरुस्तीपर्यंतच्या एकशे चाळीस वर्षांत, मतदानाने असो वा एकमताने, अध्यक्षस्थानी केवळ चार स्त्रिया बसल्या: १९६१ साली ग्वाल्हेरीस कुसुमावती देशपांडे, १९७५ साली आपल्या शेजारच्या कराडात दुर्गा भागवत, १९९६ साली आळंदीस शांता शेळके आणि २००१ साली इंदुरास विजया राजाध्यक्ष. दुरुस्तीनंतरच्या अवघ्या सात वर्षांत दोन झाल्या, आणि त्यांपैकी दुसऱ्या, २०२५ च्या दिल्ली संमेलनाच्या तारा भवाळकर, सांगलीच्या. लोकसाहित्याचा इतका सखोल अभ्यास करणारी ही विदुषी जुन्या रीतीत मतांसाठी दारोदार गेली असती, हे मला संभवनीय वाटत नाही.

म्हणजे नवी रीत निर्दोष काय? तसेही नाही. जुन्या रीतीत निदान मते किती पडली ते जाहीर होत असे. नव्या रीतीत कोणती नावे पुढे आली, कोणत्या कारणाने एक राहिले आणि बाकीची मागे पडली, हे बैठकीबाहेर अधिकृतपणे लिहून येत नाही. निवडणुकीत आकडा होता आणि कारण नव्हते. निवडीत आता आकडाही नाही आणि कारणही नाही. निवड चांगली झाली तोवर कोणी विचारीत नाही, परंतु चांगली न झाली तर विचारण्यास जागा कोठे आहे? महजर लिहिणाऱ्या गोताने जे केले ते महामंडळाला अशक्य असावे, असे मला वाटत नाही.

आता गुणांच्या गणिताकडे वळतो, कारण स्पर्धांतील पुष्कळसा अन्याय माणसांच्या मनात नसून बेरजेच्या रीतीत दडलेला असतो, आणि हा भाग आयोजकांच्या नजरेतून हटकून सुटतो. समजा, दोन एकांकिका आहेत आणि तीन परीक्षक. पहिलीला त्यांनी शंभरांपैकी अनुक्रमे ६८, ६७ आणि ४० गुण दिले; दुसरीला ६४, ६३ आणि ८५. बेरीज पहिलीची १७५, दुसरीची २१२. करंडक दुसरीला जातो, तोही ३७ गुणांच्या भरघोस फरकाने. परंतु तीन परीक्षकांपैकी दोघांना पहिलीच सरस वाटली होती! पहिले दोघे काटकसरीने, साठ आणि सत्तरच्या दरम्यान गुण देणारे. तिसरा चाळिसापासून पंचाऐंशीपर्यंत हात सैल सोडणारा. परिणामी निकाल तिघांचा न राहता एकट्या तिसऱ्याचा झाला. तो तिसरा मनाने अगदी स्वच्छ असेल, त्याला पहिली एकांकिका खरोखरच रुचली नसेल. किंवा त्याने ठरवून तिचा काटा काढला असेल. गुणपत्रकावरून ह्या दोहोंतला फरक ओळखता येत नाही, आणि बेरजेची रीत दोघांनाही सारखेच बळ देते. हेच गुण मांडून मधला तेवढा घेतला, तर पहिलीला ६७ आणि दुसरीला ६४ येतात आणि निकाल बहुमताप्रमाणे लागतो. मधल्या गुणाला ह्या कामी मोठा आधार आहे, कारण टोकाचा आकडा लिहून कोणाला फार वर चढविता येत नाही की फार खाली लोटता येत नाही. मिशेल बालिन्स्की आणि रिदा लाराकी ह्या दोन गणितज्ञांनी ह्याच तत्त्वावर निवडीची एक संपूर्ण पद्धत अलीकडे उभी केली.

बेरजेऐवजी क्रमांक घ्यावेत, हा दुसरा उपाय फार जुना आहे. झां-शार्ल द बोर्दा याने १७७० साली पॅरिसच्या अकादमीपुढे तो मांडला: प्रत्येक मतदाराने सर्व उमेदवार क्रमाने लावावेत आणि क्रमांकांना गुण द्यावेत. ह्या रीतीत प्रबळ प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम शेवटी टाकता येते अशी हरकत निघाली, तेव्हा आपली पद्धत प्रामाणिक माणसांसाठी आहे असे त्याने उत्तर दिल्याचे सांगतात. ते उत्तर मला हृद्य वाटते आणि अपुरेही वाटते. कारण प्रामाणिक माणसांना पद्धतीची फारशी गरज नसते. १७८५ साली कोंदोर्से याने दाखवून दिले की तीन मतदारांपैकी प्रत्येकाचा क्रम सुसंगत असूनही समूहाचा कौल चक्राकार होऊ शकतो, म्हणजे पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला आणि तिसरा पुन्हा पहिल्याला हरवितो. आणि १९५१ साली केनेथ अ‍ॅरो याने सिद्ध केले की तीन किंवा अधिक पर्याय असले म्हणजे काही साध्या, वाजवी अटी एकसमयावच्छेदेकरून पाळणारी क्रमांकांची कोणतीच पद्धत असू शकत नाही. ह्याचा अर्थ सगळ्या पद्धती सारख्याच वाईट असा घेतला जातो, तो चूक आहे. अर्थ इतकाच, की कोणता दोष पत्करावयाचा ते आयोजकाने स्पर्धेपूर्वी ठरवून जाहीर करावे. बरोबरी झाल्यास काय, एवढी क्षुल्लक वाटणारी तरतूदसुद्धा आधी नसली म्हणजे काय होते, त्याचा दाखला युरोपातील देशोदेशींच्या गीतस्पर्धेने, युरोव्हिजनने, १९६९ साली दिला: चार देशांची मते समसमान झाली, नियम नव्हता, आणि चौघांनाही विजयी ठरवावे लागले.

प्रतिस्पर्धीच परीक्षक असले म्हणजे मनुष्यस्वभाव कसा वागतो, ह्याचे प्रयोगही झाले आहेत. बालिएत्ती, गोल्डस्टोन आणि हेल्बिंग ह्या तिघांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांकडून संगणकावर चेहऱ्यांची चित्रे करवून घेतली आणि ती प्रदर्शनात लावावी की नाही हे त्यांच्याच सोबत्यांना ठरवू दिले. बक्षिसाची चढाओढ वाढविली तेव्हा चित्रे अधिक नवी आणि अधिक वेगळी झाली, हे खरे; परंतु त्याचबरोबर परीक्षण अधिक अन्याय्य झाले, परीक्षकांचे एकमेकांशी जुळेनासे झाले, आणि जो थेट आपल्याच दालनात स्पर्धा करतो त्याला कमी लेखण्याकडे कल वाढला. ही दोन्ही फळे एकाच झाडाची आहेत. चढाओढ काढून टाकावी तर नावीन्य मंदावते, ठेवावी तर न्याय ढळतो. तेव्हा चढाओढ ठेवून, ज्याचा फायदा-तोटा गुंतला आहे त्याला त्याच गटाच्या परीक्षणापासून दूर ठेवणे हाच मार्ग उरतो. भजनी मंडळाच्या बुवांनी अवश्य परीक्षण करावे; पण ज्या गटात त्यांचे मंडळ, त्यांचे शिष्य किंवा त्यांच्या पुढच्या वर्षीचे परीक्षक गात असतील, त्या गटाचे करू नये. जुन्या मनसुबीतील परस्थळाची तरतूद ती हीच.

खगोलशास्त्रज्ञांनी आणखी एक वाट काढली आहे. मोठ्या दुर्बिणीवर वेळ मागणाऱ्यांनी एकमेकांचेच अर्ज तपासावेत, आणि ज्याचा क्रम इतरांच्या सामायिक क्रमाशी जुळेल त्याच्या स्वतःच्या अर्जाला किंचित लाभ मिळावा, अशी सूचना मेरिफील्ड आणि सारी यांनी २००९ साली केली. २०१५ पासून जेमिनी वेधशाळेने अर्जदारांकडूनच परीक्षण करवून घेण्याची रीत एका प्रकारच्या अर्जांपुरती चालविली. विज्ञानात ह्यात शहाणपण असेल. कलेत मात्र, बहुमताशी जुळणाऱ्यास बक्षीस म्हणजे वेगळी रुची असणाऱ्यास दंड, आणि ज्या एका परीक्षकाला नव्या कृतीचे मर्म इतरांच्या आधी कळले त्यालाच तो भरावा लागेल. ही रीत आपण उचलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हेतू शुद्ध असतानाही निकाल कसा वाकतो, ह्याचा एक दाखला तेवढा देतो. ब्रुसेल्स येथील राणी एलिझाबेथ संगीतस्पर्धेत अंतिम फेरीचे बारा वादक, रोज रात्री दोन, असे सहा रात्री वाजवितात, आणि त्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. तेथील अनेक वर्षांचे निकाल तपासून फ्लोरेस आणि गिन्सबर्ग यांनी १९९६ साली दाखविले की मागाहून वाजविणाऱ्यांना वरचे क्रमांक अधिक मिळतात. म्हणजे चिठ्ठीचे दैव गुणांत शिरते. आपल्याकडे सकाळी दहाला पहिली एकांकिका करणाऱ्या गावाकडच्या मुलांची हीच फिर्याद पिढ्यान् पिढ्या आहे, आणि ती कांगावा म्हणून उडविली जाते. पहिल्या तीन प्रयोगांचे गुण सगळे प्रयोग झाल्यावर पुन्हा पाहावेत, आणि बदल केला तर तो खोडाखोड न करता सहीनिशी नोंदवावा, एवढी सोय कोणत्याही स्पर्धेला परवडण्यासारखी आहे.

लाचेचा आणि दडपणाचा धोका ओळखून प्राचीन अथेन्सकरांनी योजलेला उपाय तर आजही थक्क करतो. दिओनिसस देवाच्या उत्सवातील नाट्यस्पर्धेसाठी दहा जमातींतून दहा परीक्षक चिठ्ठ्यांनी निवडले जात; प्रत्येकाने आपला क्रम पाटीवर लिहून कलशात टाकावयाचा; आणि त्या दहांतून केवळ पाच पाट्या, पुन्हा दैवावर, बाहेर काढून निकाल लावावयाचा. कोणाचे मत मोजले जाणार हे खुद्द परीक्षकालाही ठाऊक नसल्यामुळे त्याला विकत घेण्यात हशील उरत नसे. कारणांचा उच्चार त्यात नव्हता, म्हणून मी महजराला त्याहून श्रेष्ठ मानतो. परंतु दहांपैकी पाच ही युक्ती तालुक्याच्या पातळीवरील देखाव्यांच्या स्पर्धेत, जेथे दडपण राजकीय असते, फार उपयोगी पडेल.

ह्या सर्व चर्चेत एक प्रश्न मी आतापर्यंत मागे ठेवला, तो आता घेतलाच पाहिजे: समव्यवसायी म्हणजे कोण, आणि ते कोणी ठरविले? १८८५ च्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण आले असता महात्मा फुल्यांनी रानड्यांना पत्र लिहून जाण्याचे नाकारले, आणि ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या हक्कांचा विचार नाही त्यांच्या सभांशी आमच्या सभा मिळत नाहीत, ह्या आशयाचे खडे बोल ऐकविले. मतमोजणीची कितीही निर्दोष रीत ह्या आक्षेपाला उत्तर देऊ शकत नाही. कारण आक्षेप मोजणीबद्दल नसून मोजणाऱ्यांच्या पंगतीबद्दल आहे. वाळवे तालुक्यातल्याच वाटेगावी १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी १९५८ साली मुंबईस दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले; त्यांच्या ‘फकिरा’ कादंबरीला १९६१ साली शासनाचा पुरस्कार मिळाला; लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले; आणि अखिल भारतीय संमेलनाच्या अध्यक्षांच्या यादीत त्यांचे नाव नाही. एका बाजूला हजारोंच्या कंठातला शाहीर, दुसऱ्या बाजूला त्याला आपल्यातला न मानणारी मतदारयादी. आष्ट्याहून वाटेगाव काही दूर नाही. ही गोष्ट आमच्या भागातील प्रत्येक स्पर्धेच्या आयोजकाने परीक्षकांची नावे लिहिताना ध्यानात ठेवावी, असे मला कळकळीने वाटते. तिन्ही परीक्षक एकाच शहरातले, एकाच महाविद्यालयातून शिकलेले, एकाच बोलीला शुद्ध मानणारे असले, तर वाळव्याच्या बोलीत लिहिलेल्या संहितेला ‘उच्चार सदोष’ म्हणून गुण कापले जाणार, आणि ते अगदी प्रामाणिकपणे कापले जाणार.

गुण देण्याइतकाच न देण्याचा अधिकारही परीक्षकाला असावा काय, हा प्रश्न पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत २०२२ साली ऐरणीवर आला. महाराष्ट्रीय कलोपासक ह्या संस्थेने १९६३ पासून चालविलेली ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा तिच्या शिस्तीसाठी प्रसिद्ध. त्या वर्षी अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी करंडकास पात्र अशी एकांकिका नाही असा निर्णय दिला आणि करंडक कोणालाच गेला नाही. मुलांवर अन्याय झाला असे अनेकांनी म्हटले. माझे मत निराळे आहे: परीक्षकांनी नावानिशी पुढे येऊन, भूमिका जाहीर बोलून, रोष पत्करून दिलेला नकार हा निमूट वाटलेल्या करंडकापेक्षा त्या मुलांचा अधिक सन्मान करणारा होता. फक्त अशा नकाराची शक्यता नियमावलीत आधी स्पष्ट लिहिलेली असावी.

साठ वर्षांहून अधिक काळ चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धेचे एक केंद्र सांगली आहे. शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवात सांगली, सातारा आणि कोल्हापूर ह्या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालये उतरतात. आणि गणपतीपासून शिवजयंतीपर्यंत गावोगावच्या स्पर्धांची तर गणतीच नाही. ज्येष्ठात आष्ट्याला चौंडेश्वरी देवीचा भावई हा उत्सव होतो; तेथे गावकरी पिढीजात कला मांडतात आणि तिला कोणी क्रमांक देत नाही; जेथे क्रमांक द्यावयाचाच आहे, तेथे तो देण्याची जबाबदारी मात्र पुरती उचलली पाहिजे. परीक्षकांची नावे स्पर्धेपूर्वी आठ दिवस लावावीत आणि हरकतीला मुदत द्यावी. तीनऐवजी पाच परीक्षक नेमून मधला गुण धरावा. प्रत्येक परीक्षकाने प्रत्येक संघाबद्दल चार ओळी लिहाव्यात, आणि गुणपत्रकासह त्या संघाच्या हाती द्याव्यात. हरलेल्या मुलाला सुवर्णपदकापेक्षा ह्या चार ओळींची गरज अधिक असते. आणि राज्याच्या पातळीवर, साताऱ्याच्या ९९व्या संमेलनासाठी विश्वास पाटील यांची निवड ज्या रीतीने झाली त्याच रीतीने यापुढच्याही निवडी होणार असतील, तर महामंडळाने प्रत्येक निवडीबरोबर सुचविलेली सर्व नावे आणि निवडीची कारणे एका पानावर छापून प्रसिद्ध करावीत. त्याला लागतो तो कागद किरकोळ आहे. लागते ती घटनेतील एका कलमाची दुरुस्ती, आणि त्याहून मोठी दुरुस्ती महामंडळाने २०१८ साली करून दाखविलेली आहे.